शांतिसेनेचे शिक्षण तुकडीसोबत परत जाऊ नये

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील तुकडी सहसा सहा महिने किंवा वर्षभर मोहिमेवर राहते, परत येते, तिच्या जागी नवी तुकडी जाते आणि शिकवणी पुन्हा पहिल्या पाठापासून सुरू होते. संयुक्त राष्ट्रांचे स्वतःचे सैन्य नाही. तैनातीपूर्वीच्या प्रशिक्षणाची जबाबदारी सैन्य पाठवणाऱ्या देशाची असते. त्यामुळे त्या देशात प्रशिक्षणाची कायमची व्यवस्था नसेल, तर बाहेरून आलेल्या तज्ज्ञांची शिबिरे कितीही झाली तरी तेथे काही साचत नाही, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेने २००५ मध्ये सुरू केलेल्या शांतिसेना-प्रशिक्षणाच्या जागतिक उपक्रमाचे पहिले उद्दिष्ट ७५,००० सैनिकांना प्रशिक्षण देण्याचे होते. पुढच्या टप्प्यात मात्र त्याचा भर सहभागी देशांची स्वतःची प्रशिक्षणक्षमता वाढवण्याकडे वळला, आणि हा बदल मला आकड्यांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

सैनिकाला लढायला शिकवलेले असते. शांतिसेनेत त्याला संबंधित पक्षांची संमती, निःपक्षपात आणि बळाचा मर्यादित वापर या तीन तत्त्वांच्या चौकटीत वागायचे असते. शिवाय १९९९ मधील सिएरा लिओनच्या मोहिमेपासून नागरिकांचे संरक्षण हेही अधिकृत आदेशात स्पष्टपणे येऊ लागले. आश्रयासाठी फाटकाशी जमलेला जमाव आणि त्याच्या मागून येणारी सशस्त्र टोळी, अशा प्रसंगी किती बळ वापरायचे हे व्याख्यानातून कळत नाही. त्याचा सराव अधिकाऱ्याने आपल्याच जवानांसह वारंवार केलेला असावा लागतो. (१९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सात, शांतिसेना तैनात असताना, आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले, त्याचे खापर केवळ प्रशिक्षणावर फोडता येणार नाही; अपुरे सैन्यबळ आणि राजकीय कचखाऊपणा तितकाच जबाबदार होता.)

संस्था उभी राहिली की काम संपले, असेही नाही. कॅनडातील पिअर्सन हे शांतिसेना-प्रशिक्षण केंद्र १९९४ मध्ये स्थापन झाले, नावाजले गेले, आणि सरकारी निधी आटल्यावर २०१३ मध्ये बंद पडले. श्रीमंत देशात हे घडते, तर देणगीदारांच्या पैशावर चालणाऱ्या केंद्रांची स्थिती किती नाजूक असेल! म्हणून प्रशिक्षणाचा खर्च सैन्य पाठवणाऱ्या देशाच्या संरक्षण अंदाजपत्रकातच असावा, आणि मोहिमेवरून परतलेल्या निवडक अधिकाऱ्यांना व हवालदारांना किमान दोन वर्षे प्रशिक्षक म्हणून नेमावे. ही नेमणूक त्यांच्या बढतीच्या आड न येता तिच्यात जमेस धरली जावी.