म्हातारं मांजर, ग्वाल्हेरची थंडी आणि सात उपायांचा तो मेसेज

डिसेंबर संपत आला की ग्वाल्हेरात पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, धुकं दुपारपर्यंत हलत नाही, आणि शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: ‘वयस्क मांजरांना थंडीपासून वाचवण्याचे ७ घरगुती उपाय. डॉक्टरची गरज नाही.’ शेवटी ‘मुक्या जिवासाठी पुढे पाठवा’ लिहिलेलं असल्यावर कोण पाठवणार नाही? पाठवणाऱ्यांच्या मनात पाप नाही. पण यातले काही उपाय निरुपयोगी आहेत, काही घातक आहेत, आणि दोन असे आहेत की जे मांजराचा खरा आजार थंडीच्या नावावर खपवतात. मला जास्त राग त्या दोनांचा आहे. तरी सुरुवात पाचव्यापासून करते, कारण तो आज कुणाच्या तरी स्वयंपाकघरात अमलात येत असेल.

‘उपाय ५: थंडीने सांधे आखडले तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून द्यावी.’

देऊ नका. पाव नाही, कणभरसुद्धा नाही. माणसाचं यकृत या औषधाला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं आणि निरुपद्रवी करून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ही जोडणी करणारं विकर (एन्झाइम) फारच थोडं असतं. मग औषध दुसऱ्या वाटेने मोडतं आणि त्यातून निघणारे पदार्थ रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतात. श्वास चालू असतो, पण रक्त ऑक्सिजन वाहून नेत नाही. गुलाबी हिरड्या तपकिरी-निळसर दिसू लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. हिशेब सोपा आहे: ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी म्हणजे २५०, आणि मांजर चार किलोचं, म्हणजे किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर. किलोमागे १० मिलिग्रॅमवरही मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. कुणी आधीच दिली असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, गोळीचं पाकीट घेऊन थेट पशुवैद्याकडे जा. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला तरच.

याच ओघात एक गोष्ट, जी मेसेजमध्ये नाही पण आपल्या घरांत रोज घडते. आजी गुडघ्यांना दुखण्याचं मलम चोळून रजईत बसतात आणि मांजर त्यांच्या मांडीवर. नंतर ते अंग चाटतं. फ्लर्बिप्रोफेन हे वेदनाशामक असलेलं मलम लावणाऱ्या घरांतली मांजरं आजारी पडून दगावल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मलम लावलं की गुडघे झाकावेत, हात धुवावेत, आणि मगच मांजर मांडीवर घ्यावं.

‘उपाय ४: म्हातारं मांजर उडी मारत नाही, दिवसभर झोपतं. हे वय आणि थंडी आहे. होळीपर्यंत आपोआप बरं होतं.’

हा पहिला खपवणारा. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले. त्यांतल्या ९० मांजरांत सांध्यांची झीज दिसली. कुत्रा लंगडतो, केकाटतो. मांजर तसं काही करत नाही, ते फक्त एकेक गोष्ट सोडून देतं. आमची मनी आता पंधराची आहे. खिडकीच्या कट्ट्याखाली येते, वर बघते, पुढचे पाय उचलते आणि परत खाली ठेवते. मग स्टुलावरून जाते. चालताना तिची नखं रजईत अडकतात, कारण दांडीवर नखं घासायला ती आता मागच्या पायांवर उभी राहत नाही. पाठीवर शेपटीच्या जरा वर केसांच्या गाठी झाल्या होत्या, कारण तिथपर्यंत मान वळवून चाटणं तिला दुखतं. यातलं काहीही ‘आजार’ म्हणून डोळ्यांत भरत नाही. थंडीत दुखणं वाढलेलं दिसतं हे खरं, पण झीज थंडीने आलेली नसते आणि होळीला जाणारही नसते.

मांजर ट्रेच्या बाहेर सू करू लागलं की घरातले ‘खोडी करतं’ म्हणतात. बहुतेकदा ट्रेची भिंत उंच असते आणि पाय उचलताना त्याला कळ येते. एका बाजूची भिंत कापून बोटभर उंच ठेवली आणि ट्रे जिन्याखालून खोलीत आणला की पुष्कळदा प्रश्न सुटतो. वाढलेली नखं वळून पंजाच्या गादीत घुसतात, म्हणून ती दर काही आठवड्यांनी बघायची. आणि दुखण्यावर मांजरांसाठीची औषधं आहेत. डॉक्टर मूत्रपिंडं तपासून ती देतात. तपासल्याशिवाय देत नाहीत, त्यालाही कारण आहे. ते पुढे येतंच.

‘उपाय १: मांजराला निसर्गाने फर दिली आहे, कुठेही झोपू द्या.’

मांजराला अंग गरम राखायला जादा शक्ती खर्चावी लागू नये, तर भोवतालचं तापमान ३० ते ३८ अंश लागतं. म्हणून तर ते गॅसजवळ आणि टीव्हीच्या डब्यावर सापडतं. आपल्या जुन्या घरांत, दगडी भिंती आणि फरश्यांमध्ये, जानेवारीत खोली बारा-तेरा अंशांवर असते. तरुण मांजर चरबी, स्नायू आणि नीट चाटून फुलवलेली फर यांवर निभावतं. म्हाताऱ्याचे स्नायू आटलेले असतात आणि गाठी झालेली फर हवा धरून ठेवत नाही. तेव्हा बिछाना जमिनीपासून वीतभर वर हवा, दाराच्या झोतात नको. पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून आत ग्वाल्हेरच्या मेळ्यातून आणलेल्या ब्लँकेटच्या दोन घड्या, तोंड अर्धं झाकलेलं, एवढं पुरतं. चढायला एक बुटका पाट. इथल्या गलनमध्ये, म्हणजे हाडं गोठवणाऱ्या थंडीत, याहून मोठा खर्च करायची गरज नाही.

‘उपाय २: रात्री कोमट हळद-दूध.’ बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, आणि म्हाताऱ्या मूत्रपिंडांना तेच सर्वांत जड जातं. ‘माझं मांजर तर जन्मभर दूध पितं’ असं सांगणारे काका प्रत्येक ग्रुपवर असतात. असेल. त्यांच्या मांजराचा ट्रे कोण साफ करतं, हे काकूंना विचारा.

‘उपाय ३: नाक गळत असेल तर निलगिरी किंवा कापूर छातीला चोळा, लसणीची फोडणी हुंगवा.’

पॅरासिटामॉलला जे विकर अपुरं पडतं, तेच अशा बऱ्याच तेलांनाही अपुरं पडतं. शिवाय मांजर ते चाटून पोटात घेतं. कांदा-लसूण पोटात गेली तर तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होतं. चोंदलेलं नाक मात्र दुर्लक्ष करण्याजोगं नाही, कारण मांजर वासावर जेवतं. वास नाही तर भूक नाही, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येतो. अंघोळ करताना त्याला न्हाणीघरात सोबत ठेवा, दहा मिनिटं नुसती वाफ मिळू दे. ओल्या फडक्याने नाक पुसा, खाणं बोटाला कोमट लागेल इतकं गरम करून द्या. एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरला फोन करा.

‘उपाय ६: खोली बंद करून शेगडी ठेवा.’ बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीने दर हिवाळ्यात माणसं मरतात, तिथे मांजराचं काय? हीटर चालेल, पण मांजराला दूर सरकता येईल इतकी जागा हवी. गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून बिछान्याच्या एकाच बाजूला ठेवायची. दुखऱ्या सांध्यांचं मांजर चटका बसत असला तरी चटकन उठत नाही आणि फरीखाली भाजलेलं दोन दिवस कळत नाही.

‘उपाय ७: थंडीत मांजर जास्त पाणी पिऊ लागलं आणि थोडं बारीक झालं तर उत्तम, शरीर साफ होतं आहे.’

हा दुसरा खपवणारा, आणि सगळ्यांत गोंडस. उतारवयातलं मांजर जास्त पाणी पिऊ लागतं, कारण मूत्रपिंडांना लघवी दाट करता येईनाशी होते. पातळ लघवीतून पाणी वाहून जातं आणि ते भरून काढायला मांजर वाडग्याशी बसतं. मधुमेहातही असंच होतं. थायरॉइड वाढली असेल तर भूक वाढते आणि वजन मात्र घटतं, आणि घरचे म्हणतात, ‘चला, थंडीत खायला लागलं.’ मूत्रपिंडांचं सुमारे दोन तृतीयांश काम थांबेपर्यंत बाहेरून फारसं दिसत नाही; सांधेदुखीची औषधं डॉक्टर तपासल्याशिवाय देत नाहीत ते याचसाठी. म्हणून दिसलं की लगेच रक्त-लघवीची तपासणी: मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि एसडीएमए, थायरॉइडचं टी-४, साखर. जमल्यास रक्तदाबही, कारण तो चढला तर मांजराला एका रात्रीत दिसेनासं होऊ शकतं.

पाणी तोडायचं नाही, उलट वाढवायचं. मांजराला दिवसाला किलोमागे साधारण ५० मिलिलिटर लागतं, त्यात खाण्यातलं पाणीही आलं. कोरड्या दाण्यांत ते दहा टक्क्यांच्या आसपास, ओल्या खाण्यात पाऊणहून जास्त. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रभर ठेवलेलं पाणी बर्फासारखं होतं आणि मांजर त्याला तोंड लावत नाही. दोन-तीन ठिकाणी पसरट वाडगी ठेवा, सकाळ-संध्याकाळ त्यांत कोमट पाणी भरा.

वजनासाठी मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याने, आणि फरक कॅलेंडरवर लिहा. चार किलोतून चारशे ग्रॅम गेले म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो गेले. हाताला हे कळत नाही, हिवाळी फरीखाली तर नाहीच. डॉक्टरकडे नेताना तो कागद आणि एखादा चालतानाचा व्हिडिओ सोबत घ्या, कारण दवाखान्यातल्या टेबलावर कोणतंही मांजर लंगडत नाही, ते दगड होऊन बसतं. वेळ दुपारची मागा. सकाळच्या धुक्यात कंपू भागातून उघड्या ई-रिक्षात न्यायचं म्हणजे पेटीला चारी बाजूंनी शाल गुंडाळली तरी म्हाताऱ्या जिवाचे हाल होतात. उपाशी आणायचं का हे मात्र फोनवर आधीच विचारून घ्या.