बटणाला कुलूप तुमचे आणि टॅबचा हिशेब माझ्याकडे?

कार्यालयाने मला दिलेल्या संगणकात ८ जीबी रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) आहे आणि सकाळी लॉगिन केल्यावर, मी स्वतः एकही पान उघडलेले नसताना, तिच्यातली निम्म्याहून अधिक संपलेली असते. तरीही ‘तुम्ही टॅब फार उघडता’ हे वाक्य हेल्पडेस्ककडून, म्हणजे तुमच्याकडून, मला या महिन्यात तिसऱ्यांदा ऐकावे लागले आहे. टॅब मी हौसेने उघडत नाही. हजेरी एका पानावर, रजेचा अर्ज दुसऱ्यावर, खर्चाची बिले तिसऱ्यावर आणि मेल, चॅट, सामायिक तक्ते व तक्रारींची नोंद आणखी चार पानांवर. पूर्वी ज्या कामांसाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर होते ती सगळी तुम्हीच ब्राउझरमध्ये आणून कोंबलीत, आणि आता तो फुगला म्हणून बोट मात्र माझ्याकडे दाखवता!

परवा मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करून मी तक्त्यात आकडे भरत होते. १४५० टाइप केले. चौकट कोरीच राहिली. की नीट दाबली गेली नसेल असे समजून पुन्हा टाइप केले, आणि चार-पाच सेकंदांनी सगळ्यांच्या देखत त्या चौकटीत १४५०१४५० अवतरले. रॅम भरली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवते आणि लागेल तसा परत आणते. ही ने-आण सुरू झाली की साधा आकडा उमटायलाही रांगेत थांबावे लागते. हे मला ठाऊक आहे, पण समोर बसलेल्या बारा माणसांना एवढेच दिसले की या बाईंना धड टाइपही करता येत नाही.

मीटिंग संपताच मी शिफ्ट आणि एस्केप दाबून ब्राउझरचा, म्हणजे क्रोमचा, स्वतःचा टास्क मॅनेजर उघडला, कारण कोणते पान आणि कोणते एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) किती मेमरी खाते हे तिथे नावानिशी दिसते. चॅटचे पान एकटेच ९०० एमबी अडवून बसले होते. त्याखाली पाच एक्स्टेन्शन होती, पाचही कार्यालयाने पॉलिसीद्वारे, म्हणजे ॲडमिनने संगणकांवर लावलेल्या नियमांद्वारे, सक्तीने बसवलेली, म्हणून काढताही न येणारी, आणि त्यांची बेरीज ७०० एमबीच्या घरात जात होती. त्यांतले एक तर अशा प्रणालीसाठी आहे जी आमच्या विभागाने कधीच वापरलेली नाही. ते बंद करावे म्हणून ओळ निवडली, तर प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) संपवण्याचे बटणच करडे, कारण तेही पॉलिसीने बंद केलेले. म्हणजे चोर बघायचा, पण त्याला हात लावायचा नाही!

ब्राउझरची बाजू घ्यायची तर घेता येते. एक पान कोसळले तर बाकीची वाचावीत म्हणून क्रोम २००८ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हापासूनच कामाची वाटणी वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये करतो. २०१८ मध्ये स्पेक्टर हा, एका साइटला दुसरीची माहिती वाचू देऊ शकणारा, प्रोसेसरमधला दोष उघड झाल्यानंतर प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवण्याची पद्धत संगणकांवर सरसकट लागू झाली, आणि तिच्यामुळे मेमरीचा वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढतो हे गूगलनेच तेव्हा सांगितले होते. सुरक्षेसाठी ही किंमत मोजायला माझी ना नाही. चीड येते ती उपाय हाताशी असताना त्याला कुलूप लावले आहे याची.

क्रोममध्ये २०२२ च्या अखेरीपासून मेमरी सेव्हर आहे. बराच वेळ न पाहिलेला टॅब तो मेमरीतून काढून टाकतो. टॅब पट्टीवर जागच्या जागी राहतो आणि क्लिक केल्यावर पान पुन्हा लोड होते. माझ्या संगणकावर तो बंद आहे आणि त्याच्या शेजारी संस्थेच्या व्यवस्थापनाची ती छोटीशी इमारत मख्खपणे उभी आहे. कारण विचारले तर उत्तर मिळाले की अर्धवट भरलेले फॉर्म उडतील. अहो, अर्धवट भरलेला फॉर्म, चालू असलेला आवाज, सुरू असलेले डाउनलोड असे टॅब तो आपणहूनच वगळतो, आणि तरीही भीती असेल तर अमुक साइटला हात लावू नये अशी अपवादांची यादी ॲडमिनला पॉलिसीतच देता येते! मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही टॅब किती वेळाने झोपवायचे ते पॉलिसीतून ठरवता येते. सगळ्या खिडक्या मिटल्यावरही ब्राउझर मागे चालू राहण्याची जी सोय आमच्याकडे विनाकारण सुरू ठेवली आहे, तीही तिथूनच बंद होते. हे वाचायला अर्धा तास पुरेल.

त्याऐवजी मला सल्ला मिळाला तो कॅशे (पाहिलेल्या पानांच्या साठवलेल्या प्रती) आणि कुकीज (लॉगिन वगैरे लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) साफ करण्याचा. कॅशे असते मुख्यतः डिस्कवर. ती पुसल्याने रॅम मोकळी होत नाही, उलट तीच पाने पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागतात. तरीही, सहकार्य करत नाही असा ठपका नको म्हणून मी सगळे साफ केले, सात ठिकाणी पुन्हा लॉगिन केले, दोन ठिकाणी ओटीपीची वाट पाहिली, आणि शेवटी मेमरीचा आकडा होता तिथेच होता. माझ्या तक्रारीच्या तिकिटावर मात्र शेरा पडला, ‘समस्या सोडवली, वापरकर्त्यास कमी टॅब ठेवण्यास सुचवले.’

आज ते तिकीट मी पुन्हा उघडले आहे. मागणी तीनच गोष्टींची आहे: मेमरी सेव्हर सुरू करा किंवा निदान त्याचे बटण आमच्या हाती द्या, आमच्या विभागाला न लागणारे एक्स्टेन्शन आमच्या संगणकांवरून काढा, आणि खिडक्या मिटल्यावर ब्राउझरला खरोखर बंद होऊ द्या. तिकिटाचे ते पान उघडून ठेवल्यापासून ३०० एमबी अडवून बसले आहे, पण उत्तर येईपर्यंत तो टॅब मी बंद करणार नाही.