रासबेरीचं तेल सनस्क्रीनची जागा घेत नाही

रासबेरीच्या बियांच्या तेलात एसपीएफ (उन्हापासून संरक्षण किती, हे सांगणारा आकडा) २८ ते ५० असतो, सनस्क्रीन सोडा आणि तेच लावा, उन्हाने सुरकुत्या पडणार नाहीत, असा दावा फिरतो आहे. हा दावा चुकीचा आहे. त्यावर विसंबून उन्हात गेलात तर त्वचा भाजेल.

एसपीएफचा आकडा माणसाच्या त्वचेवर, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन ठरवतात. तेल प्रयोगशाळेत किती किरण शोषतं, एवढ्यावरून तो सांगता येत नाही. शिवाय हा आकडा मुख्यतः यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांचा. सुरकुत्यांमागे मोठा हात यूव्हीए या दुसऱ्या अतिनील किरणांचा असतो. हे किरण खिडकीच्या काचेतूनही येतात, त्वचेत खोलवर पोचतात आणि त्वचा घट्ट ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) चालना देतात.

वनस्पतींचे अर्क अगदीच निरुपयोगी आहेत, असं मात्र मुळीच नाही. ग्रीन टीमधली पॉलिफेनॉल्स ही संयुगं उन्हामुळे तयार झालेले मुक्त मूलक (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) काही अंशी निष्प्रभ करतात. पण ते काम किरण आत शिरल्यानंतरचं. म्हणून अर्क लावायचा तर सनस्क्रीनच्या जोडीला लावा. पोटात घ्यायच्या 'ऊन रोखणाऱ्या' गोळ्यांवरही विसंबू नका; त्या विकणाऱ्या कंपन्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्येच तंबी दिली होती.

आणि लिंबाचा रस चोळून तर उन्हात जाऊच नका. त्यातल्या फ्युरोकुमारिन या रसायनामुळे उन्हात फोड येतात, काळे डाग कित्येक आठवडे जात नाहीत.