केवळ संडास सफाईसाठी

राष्ट्रीयीकृत बँकेतल्या नोकरीचा सगळा उत्तरार्ध मी लोकांकडे ओळखपत्रे मागण्यात घालवला. २००२ साली रिझर्व्ह बँकेने ‘आपला ग्राहक ओळखा’ असे फर्मान काढले आणि ज्यांच्या मुलांच्या मुंजीत मी पोटभर जेवलो होतो, त्यांच्याकडेही मी काउंटरच्या पलीकडून रहिवासाचा पुरावा मागू लागलो. लोक चिडत, माझ्या वडिलांचा उद्धार करत, आणि मी शांतपणे परिपत्रकाचा क्रमांक सांगत असे. या सगळ्याची परतफेड कधीतरी होणार याची मला कल्पना होती. ती हार्डवेअरच्या दुकानात, एक लिटर ॲसिडच्या निमित्ताने होईल असे मात्र वाटले नव्हते.

आम्ही पुण्याच्या ज्या भागात राहतो तिथे महापालिकेची हद्द येऊन पोहोचली आहे, पाणी अजून यायचे आहे. तोवर बोअरवेल आणि टँकर यांच्यावर भागते. या पाण्यातल्या क्षारांमुळे बाथरूमच्या फरशा मूळच्या निळ्या होत्या, यावर आता पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. बायकोने मोबाइलवर पाहिलेले सगळे उपाय करून झाले. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतल्यावर जो फेस उसळतो तो पाहून सफाई चालल्याचे समाधान मिळते, पण प्रत्यक्षात ते दोघे एकमेकांनाच संपवत असतात आणि फरशीकडे त्यांचे लक्षही नसते. नुसते व्हिनेगर वापरून पाहिले, तर त्यातले चार-पाच टक्के ॲसिटिक ॲसिड आमच्या क्षारांनी कोशिंबिरीसारखे पचवले. शेवटी कामाच्या मावशींनी निकाल दिला, “काका, ह्याला ॲसिडच पायजे. बाटलीभर आणा, मग बघा फरशी कशी निघती.”

दुकानदार तरुण आहे, अदबीने वागतो, मला काका म्हणतो. मी ॲसिड मागितल्यावर त्याने माझ्याकडे एकवार नीट पाहिले आणि विचारले, “आयडी आणलंय का काका?” मी तत्परतेने पाकिटातून पॅनकार्ड काढून पुढे केले. त्याने ते उलटेसुलटे केले आणि म्हणाला, “ह्याच्यावर पत्ता कुठाय?” हेच वाक्य, याच सुरात, मी आयुष्यात किती जणांना ऐकवले असेल! पॅनकार्डावर नाव असते, वडिलांचे नाव असते, जन्मतारीख असते, पण पत्ता नसतो. मी काही न बोलता कार्ड परत घेतले.

घरी येऊन मी तो नियम शोधून वाचला, कारण परिपत्रक वाचल्याशिवाय चिडायचे नाही ही जुनी सवय आहे. नियमामागची कारणे वाचल्यावर चिडण्यासारखे काही उरत नाही. २००५ साली दिल्लीत लक्ष्मी अगरवाल या पंधरा वर्षांच्या मुलीवर ॲसिड फेकले गेले, पुढच्या वर्षी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, आणि १८ जुलै २०१३ रोजी न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीला वेसण घातली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईत वांद्रे टर्मिनसवर, नौदलाच्या रुग्णालयात रुजू व्हायला आलेली एक तरुणी गाडीतून उतरते न उतरते तोच असा हल्ला झाला आणि महिनाभराने ती गेली. तोवर हे द्रव कोणीही, कोणासाठीही, किरकोळ किमतीत, काही न विचारता नेऊ शकत होता. आता विक्रेत्याने रजिस्टर ठेवायचे, घेणाऱ्याचे नाव, पत्ता, प्रमाण आणि कारण लिहायचे, पत्ता असलेले सरकारी ओळखपत्र पाहायचे, अठरा वर्षांखालच्याला विकायचे नाही आणि आपल्याकडचा साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना कळवायचा. न कळवलेला साठा जप्त होतो आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होतो. आयुष्यात इतकी परिपत्रके वाचली, पण ज्याचे प्रत्येक कलम का आले ते सांगावे लागत नाही असे हे एकच.

तेव्हा मी आधारकार्ड घेऊन पुन्हा गेलो. आता अडचण अशी की माझ्या आधारवर अजून संगमनेरच्या वाड्याचा पत्ता आहे. दुकानदाराने तो वाचला आणि पेन हवेत धरून विचार करत म्हणाला, “आधार संगमनेरचं, संडास पुण्याचा. लिहू काय?” रांगेत मागे उभ्या असलेल्या प्लंबरला हा प्रश्न फारच आवडला. शेवटी ‘मु. संगमनेर, हल्ली मु. पुणे’ असा मजकूर ठरला, जो मी यापूर्वी फक्त लग्नपत्रिकांत वाचला होता.

मग त्याने झेरॉक्स मागितली. इथे माझ्यातला बँक अधिकारी जागा झाला. आदेशात ओळखपत्र दाखवायला सांगितले आहे, प्रत द्यायला सांगितलेले नाही, असे मी त्याच्या निदर्शनास आणून दिले. तो म्हणाला, “काका, साहेब तपासायला आले तर काय दाखवू? तुम्ही थोडेच येणार?” या युक्तिवादाला उत्तर नाही, हे मला ठाऊक होते, कारण बँकेत तो मीच वापरत असे. परंतु आधारच्या प्रती वाटेल तशा देऊ नयेत, द्यायचीच झाल्यास तिच्यावर आडवे कारण लिहून सही करावी, म्हणजे तिचा गैरवापर होत नाही, असा सल्ला मी पेन्शनरांच्या मेळाव्यांत जाहीरपणे दिलेला आहे. त्यामुळे शेजारच्या दुकानातून प्रत काढून आणून मी माझ्या फोटोवरून तिरप्या, ठसठशीत अक्षरांत ‘केवळ संडास सफाईसाठी’ असे लिहिले, खाली स्वाक्षरी केली आणि तारीख टाकली. आधारवरचा माझा चेहरा मुळातच फारसा आशादायक नाही. त्या ओळीखाली तो पाहिल्यावर प्लंबरला हसू आवरेना, आणि त्याला दोष देण्याचे मला काही कारण दिसले नाही.

वयाचा रकानाही होता. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये मी जिवंत असल्याचा दाखला बँकेत देतो, पण मी अठरा वर्षांचा झालो आहे हे कोणी तपासून घेण्याची ही बऱ्याच काळानंतरची पहिलीच वेळ. दुकानदाराने जन्मवर्ष वाचले, डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि बरोबरची खूण केली.

त्या रजिस्टरविषयी मात्र मला आदरच वाटला. लाल कापडी बांधणीची, लांबट, जाडजूड वही होती. रकाने पट्टीने आखलेले होते. उजव्या कोपऱ्यात कधीतरी मालाचा एक थेंब पडला असावा, कारण तिथे चार-पाच पानांना आरपार तपकिरी कडांचे भोक पडले होते आणि त्या पानांवरच्या काही ग्राहकांच्या सह्या अर्ध्या खाल्ल्या गेल्या होत्या. ‘उद्देश’ हा रकाना जेमतेम बोटभर रुंद. पानाच्या माथ्यावर कोणीतरी ‘संडास’ असे लिहिले होते आणि त्याखाली शेवटपर्यंत नुसती ‘वरीलप्रमाणे’ची चिन्हे होती. मध्ये एका सराफाची नोंद होती. सराफाला सोने गाळायला नायट्रिक ॲसिड लागते हे मला माहीत आहे, पण चिन्हांच्या ओघात त्याचाही उद्देश संडासच होऊन बसला होता. अशी नोंद माझ्या शाखेत सापडली असती तर मी लेखापरीक्षकाच्या आधी झोपलो नसतो.

म्हणून मी पूर्ण उद्देश लिहायचे ठरवले. ‘न्हाणीघरातील फरशांवर साचलेल्या क्षारांचे निर्मूलन’ हे शब्द रकान्यात न मावता सहीच्या जागेतून पुढे जाऊन समासात पोहोचले. दुकानदार हताशपणे म्हणाला, “काका, नुसतं संडास लिहायचं. पुढचं समजून घेतात.”

लिहिताना वरच्या ओळींवर नजर गेली, हे ओघानेच आले. आमच्या इमारतीतली निम्मी मंडळी तिथे होती. कोणाकडे किती क्षार आहेत याचा अंदाज लिटरवरून येत होता. सोसायटीच्या अध्यक्षांच्या नावापुढे, त्यांच्या त्या प्रसिद्ध लफ्फेदार सहीसह, ‘दोन लि.’ असे होते.

आता थोडे तक्रारीचे. कायदा बसतो तो जिथे टेबल आहे तिथे. आमच्या गल्लीत आठवड्यातून कधीतरी “फिनेऽऽल, ॲसिऽऽड” अशी आरोळी देत एक सायकलवाला येतो. त्याच्याकडे ना रजिस्टर, ना पट्टी, ना उद्देश. थंड पेयांच्या जुन्या बाटल्यांत तो तेच पिवळसर द्रव भरून देतो, बाटलीवर अजून संत्र्याचे चित्र असते, आणि ती घरात लहान मूल असलेल्या एखाद्या ओट्याखाली जाऊन बसते. मावशी मला रोज त्याच्याकडून घ्यायला सांगत होत्या. “तो काय इचारत नाय,” ही त्यांच्या लेखी त्याची मोठी सचोटी.

दुसरीकडे, ज्या दिवशी मी संगमनेर आणि पुणे यांचा मेळ घालत होतो, त्याच दिवशी शेजारच्या किराणा दुकानातून एक शाळकरी मुलगा जाहिरातीतली निळी बाटली घेऊन गेला. तिच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते की आत सुमारे दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड आहे. हे दहा टक्के आणि माझ्या बाटलीतले तीस टक्के यांत फरक आहे हे मला मान्य आहे, तो चेहऱ्याला जास्त कळतो. पण घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत कित्येक लिटर सल्फ्युरिक ॲसिड आहे आणि ती आणणाऱ्या मुलाने मला फक्त एवढेच विचारले होते, की जुनी देणार का. ऑनलाइनचे तर विचारूच नये. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीतल्या द्वारकेत एका शाळकरी मुलीवर हल्ला झाला तेव्हा ते ॲसिड ऑनलाइन मागवलेले निघाले, आणि मग केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना नोटिसा काढल्या. रजिस्टर चोख ठेवणाऱ्या माझ्या दुकानदाराला नोटीस काढायची झाली तर कोणीही चालत येऊन काढू शकतो. बहुधा म्हणूनच तो ते चोख ठेवतो.

शिकागोजवळ राहणाऱ्या भाच्याला फोनवर हे ऐकवले. मला वाटले तो हसेल. पण इलिनॉय राज्यातही, अशाच हल्ल्यांनंतर, २०१२ पासून तुंबलेली मोरी मोकळी करणारे तीव्र द्रव घेताना ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागू लागली, असे त्याने सांगितले. मी मोठ्या आशेने विचारले, “उद्देश लिहावा लागतो का?” तो म्हणाला, “नाही मामा, मोरी तुंबली आहे हे ते गृहीत धरतात.”

बाटली घरी आली. मी तिच्यावरच्या सूचना मावशींना मोठ्याने वाचून दाखवल्या. खिडकी उघडी ठेवावी, ॲसिड पाण्यात ओतावे, पाणी ॲसिडमध्ये ओतू नये, आणि काही झाले तरी ब्लीचिंगच्या द्रवात ते मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि हातमोज्यांऐवजी हातात दुधाच्या पिशव्या चढवल्या. मी रबरी मोजे आणून दिले, ते त्यांनी घडी करून आपल्या पिशवीत ठेवले. घरी भांड्यांना होतील म्हणाल्या. मोजे घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही असा हट्ट मी धरला, तेव्हा कुठे ते बाहेर आले. झाकण काढताच पांढरी वाफ निघाली, फरशीवर चरचर फेस आला, आणि त्या फेसाखालून हळूहळू निळा रंग दिसू लागला. एक थेंब उडून ड्राय बाल्कनीतल्या कडप्प्यावर पडला, तिथेही तसाच फेस आला आणि काळ्याभोर दगडावर पांढरा ठिपका कायमचा उमटला. कडप्पा हा चुनखडीचा दगड. ॲसिडला नळाच्या पाण्यातले क्षार आणि आपण पैसे मोजून बसवलेला दगड यांतला भेद कळत नाही. संगमरवराचीही तीच गत, कारण तोही कॅल्शियम कार्बोनेटच.

हे मला त्या महिन्याच्या सोसायटीच्या सभेत नको इतके आठवले. प्रवेशद्वाराजवळ इटालियन मार्बल बसवण्याचा ठराव मांडताना अध्यक्ष म्हणाले, “आमच्या दोन्ही बाथरूममध्ये हेच मार्बल आहे. इतकी वर्षं झाली, एक डाग नाही. नुसत्या पाण्याने पुसतो आम्ही.” माझ्या डोळ्यांसमोर ती लफ्फेदार सही आणि ‘दोन लि.’ उभे राहिले. दोन लिटर ॲसिडने पुसलेले इटालियन मार्बल एकतर आता शिल्लक नसणार, किंवा ते कधी इटालियन नव्हते, मार्बल तर नव्हतेच. प्रत्येक फ्लॅटमागे काढायची वर्गणी फळ्यावर लिहिलेली होती. पण ग्राहकाच्या खात्याविषयी बाहेर बोलायचे नाही हे अंगात इतके मुरलेले आहे की मी फक्त पाण्याचा घोट घेतला आणि ग्रॅनाइट स्वस्त पडेल का, एवढेच विचारले.

ठराव पुढच्या सभेवर गेला. चहा घेताना अध्यक्ष माझ्याजवळ आले, कोणी ऐकत नाही असे पाहून वाकले आणि हळूच म्हणाले, “काय साहेब, झालं का क्षारांचं निर्मूलन?”

म्हणजे ते पुन्हा दुकानात जाऊन आले होते.