‘घेऊ नका’ला कमिशन नसतं

आधी बटण. रिव्ह्यू नंतर.

गेम रिव्ह्यूची वेबसाइट काढायची म्हणताय ना? मग गेम इन्स्टॉल करण्याआधी पानावर बटण कुठे बसवायचं ते ठरवा. हिरवं किंवा केशरी, अंगठा सहज पोचेल असं, गुणांच्या चौकटीला खेटून. त्यावर ‘इथे घ्या’ एवढंच लिहा. ‘इथे बघा’ लिहू नका, बघणाऱ्यांनी कोणाची चूल पेटत नाही. बटण दाबलं की दुकानाचं दार उघडतं, वाचकाने आत जाऊन खरेदी केली की दुकान तुम्हाला टक्का देतं. अशी ही साधी सोयरीक. दोन्ही घरं तालेवार, पत्रिका जुळलेली, मुलाला नोकरी आणि मुलीला वाचक. मानपान कोणी करायचा ते हळूहळू कळतंच.

यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. काहीच नाही. वाचकाने ब्राउझरमध्ये जाहिराती अडवायची सोय करून ठेवलेली असते आणि वर्गणी मागितली की तो शेजारच्या साइटवर जातो. लिहिणाऱ्यालाही भाडं असतं. तेव्हा टक्का घ्यावाच. फक्त घेण्याआधी थोडं गणित करून ठेवा.

रिव्ह्यूचा निकाल कितीही अलंकारिक भाषेत लिहिला तरी शेवटी दोनच प्रकारचा असतो. ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’. ‘घ्या’ला कमिशन आहे. ‘घेऊ नका’ला नाही. चाळीस तास डोळे फोडून, तीनदा सेव्ह फाइल गमावून तुम्ही एका माणसाचे पैसे वाचवलेत, तर त्या वाचलेल्या पैशातला टक्का द्यायला जगात एकही दुकान बसलेलं नाही. एवढं एक वाक्य पाठ करा, बाकीचा धंदा आपोआप जमतो.

अर्थात निराश व्हायचं कारण नाही, दुकानं उदार असतात. अॅमेझॉनने ही लिंकवर टक्का द्यायची पद्धत १९९६ सालीच सुरू केली. तिथे तुमच्या लिंकवरून आत गेलेला माणूस साधारण २४ तास तुमच्या नावावर जमा असतो. म्हणजे तुम्ही एखाद्या गेमची सालटी काढा, वाचक ते पटून गेम न घेता उशीचे अभ्रे घेऊन बाहेर पडू दे, अभ्र्यांचा टक्का तुमचाच. तेव्हा तत्त्वासाठी कोणाला शिव्या घालायच्याच असतील तर बटण ठेवून घाला. रिव्ह्यू वाचून अभ्रे का घेतले जातात, यावर विचार करत बसू नका.

आता गुणांकडे वळू. नव्या माणसाला वाटतं, दुकानवाला फोन करून ‘गुण वाढवा’ म्हणून दम देईल. छे! असले फोन अडाणी लोक करतात. दुकानाला तुमच्या आठातून नऊ नको असतात. त्याला फक्त बटणावर बोट पडायला हवं असतं, आणि किती गुणांना किती बोटं पडतात हे तुम्ही स्वतःच महिन्याअखेरीच्या तक्त्यात बघता. तिथून पुढे तुम्हाला कोणी काही सांगायची गरज उरत नाही. तक्ता शिकवतो तेवढं मास्तरही शिकवत नाही.

तरी एक धडा घोटून ठेवा. नोव्हेंबर २००७ मध्ये गेमस्पॉटच्या जेफ गर्स्टमनने ‘केन अँड लिंच: डेड मेन’ या गेमला दहापैकी ६ दिले. त्या वेळी साइटच्या मुखपृष्ठावर डावीउजवीकडे, वरखाली त्याच गेमची जाहिरात पसरली होती. गर्स्टमनची नोकरी गेली. गप्प राहण्याच्या कराराने सगळ्यांची तोंडं बांधलेली होती, त्यामुळे काय झालं ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांगायला २०१२ उजाडावं लागलं. म्हणजे त्याची नवी साइट, जायंट बॉम्ब, गेमस्पॉटच्याच तेव्हाच्या मालकाने विकत घेतली तेव्हा. ही गोष्ट दुकानाची नाही, गेमच्या प्रकाशकाच्या जाहिरातीची आहे, हे मान्य. पण पैसा पुढच्या दाराने आला काय आणि मागच्या दाराने आला काय, पायपुसणं एकच असतं.

यावरून काय शिकायचं? ६ देऊ नये. ५ तर स्वप्नातही नको. दहाच्या मोजपट्टीवर पहिले सहा आकडे शोभेसाठी छापलेले असतात, शोकेसमधल्या कपबश्यांसारखे. खरा व्यवहार सातपासून सुरू होतो. सात म्हणजे ‘वाईट आहे, पण आपल्याला घर चालवायचं आहे’. आठ म्हणजे ‘ठीक’. नऊ म्हणजे ‘गेल्या वर्षीचाच गेम, पण पाण्यावरचं ऊन छान पडलंय’. दहा म्हणजे काय ते रिव्ह्यू लिहिणाऱ्यालाही पुढच्या वर्षी आठवत नाही.

शब्दांचं काम जास्त नाजूक आहे, तिथे घाई नको. रात्रीचे दोन वाजलेत, शेवटचा परिच्छेद बाकी आहे आणि कर्सर लुकलुकतोय असं समजा. तुम्ही लिहिता, ‘मधले बारा तास अत्यंत कंटाळवाणे आहेत.’ खरं आहे, तुम्हीच त्या बारा तासांत दोनदा पेंगलात. पण खालच्या हिरव्या बटणाकडे एकदा नजर टाका. ‘कंटाळवाणे’ खोडून ‘संथ’ लिहा. ‘संथ’सुद्धा जरा बोचतंय? मग ‘आपला वेळ घेणारा गेम’. आता पुढे जोडा, ‘संयम असलेल्या खेळाडूला याचं फळ नक्की मिळेल.’ झालं. दोष गेमकडून उचलून वाचकाच्या स्वभावावर ठेवला आणि कुठेही खोटं बोलावं लागलं नाही. याच चालीवर अर्धवट गेम ‘महत्त्वाकांक्षी’ होतो. दर वीस मिनिटांनी बंद पडणाऱ्याला ‘दुरुस्तीच्या पहिल्या पॅचनंतर बहरेल’ म्हणावं. आतल्या आत पुन्हा पैसे मागणारा असेल तर ‘दीर्घकाळ साथ देणारा’. आणि ज्याच्याबद्दल चांगलं काहीच सुचत नाही तो ‘या मालिकेच्या चाहत्यांसाठी पर्वणी’. चाहते कधी तक्रार करत नाहीत, त्यांनी गेम आधीच घेतलेला असतो.

आधीच घेतलेला असतो, यावरून आठवलं. रिव्ह्यूच्या भानगडीत फार अडकू नका. रिव्ह्यूला चाळीस तास लागतात. ‘प्री-ऑर्डर कुठे करावी आणि कुठल्या दुकानात काय फुकट मिळेल’ हा लेख वीस मिनिटांत होतो, आणि त्यात एक सोडून सहा बटणं बसतात. एका दुकानात बुक केलं तर निळं चिलखत, दुसऱ्यात घोड्याला खोगीर, तिसऱ्यात धातूचा डबा. अशी वाटणी आधीच झालेली असते, तुम्ही फक्त तक्ता करायचा. २०१५ मध्ये ‘डेअस एक्स: मॅनकाइंड डिव्हायडेड’च्या वेळी तर कमाल झाली होती. जितके जास्त लोक आगाऊ पैसे भरतील तितकी वरची बक्षिसं उघडणार, आणि सगळ्यात वरच्या पायरीला गेम चार दिवस आधी मिळणार! लोकांनी एवढा आरडाओरडा केला की महिन्याभरात ती योजना गुंडाळावी लागली. वाचक कधीकधी असा विनाकारण शहाणा होतो. त्यावर इलाज नाही.

आणि रिव्ह्यू छापायचाच तर वेळ पाळा. प्रकाशक गेम आधी देतो, पण अमुक तारखेच्या अमुक तासाआधी अवाक्षर काढायचं नाही, या अटीवर. त्याला एम्बार्गो म्हणतात. ही अट मुळात वाईट नाही, सगळ्यांना निवांत खेळायला वेळ मिळतो. मात्र नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ अमेरिकेत मध्यरात्री विक्रीला आला आणि रिव्ह्यूंची तोंडं उघडली ती दुपारी बारा वाजता. मधले बारा तास दुकानं उघडी आणि समीक्षक मिटलेले. वाचकांना माणसांचे चेहरे गायब होऊन नुसते डोळे आणि दात तरंगताना दिसले ते घरी गेल्यावर, पैसे भरून झाल्यावर. ‘सायबरपंक २०७७’च्या वेळी डिसेंबर २०२० मध्ये आणखी सफाई होती. रिव्ह्यूसाठी आगाऊ प्रती मिळाल्या त्या फक्त पीसीच्या, स्वतः रेकॉर्ड केलेलं चित्रण दाखवायला बंदी. जुन्या कन्सोलवर गेमची काय दशा आहे ते विकत घेणाऱ्यांनीच शोधून काढलं. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून उतरवला. बहुतेक रिव्ह्यूंमध्ये एकही वाक्य खोटं नव्हतं, बरं का. ते भलत्याच यंत्राबद्दल होते, एवढंच.

इथे माझंच एक सांगतो. एका साइटवर भरभरून कौतुक वाचलं, तिथलंच बटण दाबलं, गेम घेतला. दुकानाचा नियम असा की दोन तासांच्या आत खेळलं असेल तर पैसे परत. पहिला पाऊण तास मी नायकाची भुवई बसवत होतो. पुढचा तासभर एक म्हातारा मला चालायचं कसं, उडी मारायची कशी ते शिकवत होता. म्हातारा मेला तेव्हा खरा गेम सुरू झाला, खरा गेम भिकार आहे हे कळायला सव्वीस मिनिटं लागली, आणि अर्ज केला तेव्हा घड्याळात दोन तास अकरा मिनिटं झाली होती. रिव्ह्यू पुन्हा उघडून पाहिला. त्यात लिहिलं होतं, ‘सुरुवातीचे दोन तास खिळवून ठेवतात.’ शब्द न् शब्द खरा.

आता कायद्याचं. ‘या लिंकवरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळू शकतं’ असं कुठेतरी लिहावं लागतं. लिहा. ‘मिळतं’ लिहू नका, ‘मिळू शकतं’ लिहा, जणू पाऊस येऊ शकतो. अक्षर फिकट राखाडी ठेवा, पांढऱ्यावर. जागेच्या बाबतीत वॉर्नर ब्रदर्सचा आदर्श आहे. २०१४ मध्ये ‘शॅडो ऑफ मॉर्डॉर’ या गेमसाठी त्यांच्या वतीने यूट्यूबवाल्यांना पैसे दिले गेले, आणि पैसे घेतल्याचा उल्लेख व्हिडिओत नव्हे तर खालच्या वर्णनात टाकायला सांगितला गेला. ते वर्णन बहुतेकदा ‘आणखी दाखवा’ दाबल्याशिवाय उघडतच नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला हे आवडलं नाही आणि २०१६ मध्ये कंपनीला तडजोड करून ‘पुन्हा असं करणार नाही’ म्हणावं लागलं. तरी कल्पना म्हणून दाद द्यायला हवी.

त्याहून थेट काम हवं असेल तर २०१९ चं उदाहरण घ्या. गेमच्या ‘की’, म्हणजे गेम उघडायचे सांकेतिक क्रमांक, विकणारी बाजारपेठ जीटूए. तिथे चोरीच्या ‘की’ विकल्या जातात अशी ओरड जुनीच. तिथून काही साइटना ईमेल गेले, की असं होणं जवळपास अशक्य आहे हे सांगणारा आमचा तयार लेख तुमच्या नावाने छापा, पैसे देतो, फक्त प्रायोजित असल्याचं लिहू नका. एका पत्रकाराने तो ईमेलच जगजाहीर केला. मग बाजारपेठेने सांगितलं की एका कर्मचाऱ्याने परस्पर केलेला उद्योग होता. प्रत्येक कार्यालयात असा एक कर्मचारी लागतोच. तुम्हीही एक नेमून ठेवा.

नुसत्या टक्क्यावर भागत नसेल तर एका छपराखाली या. आयजीएन या रिव्ह्यूच्या साइटने आधी स्वतःचं डायरेक्टटूड्राइव्ह नावाचं गेमचं ऑनलाइन दुकान चालवलं, ते २०११ मध्ये विकलं, आणि २०१७ मध्ये हम्बल बंडल हे दुसरं दुकान विकत घेतलं. दोन्ही कारभार स्वतंत्र राहतील असं तेव्हा सांगण्यात आलं. राहतही असतील, एका घरात दोन चुली मांडलेल्या आपण पाहिल्या आहेतच.

उलटी वरातही निघते. दुकानच नियतकालिक पोसतं. गेम इन्फॉर्मर १९९१ मध्ये एका दुकान-साखळीचं पत्रक म्हणून जन्माला आलं आणि पुढे गेमस्टॉप या गेमच्या दुकान-साखळीच्या पदरात पडलं. गल्ल्यावर उभ्या माणसाला सवलतीचं कार्ड विकताना त्यासोबत हे नियतकालिक दिलं जाई, आणि त्या जोरावर ते अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या नियतकालिकांत जाऊन बसलं. वाचक आपण होऊन येत नव्हता, बिलासोबत येत होता. तरीही लिहिणारे चांगले होते, हे उपरोध बाजूला ठेवून सांगतो. माझ्या ओळखीतल्या लोकांनी त्याचे अंक जपून ठेवलेत. पण २ ऑगस्ट २०२४ ला दुकानाने ते बंद केलं. ३३ वर्षांचा संसार. कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं, आणि वेबसाइटवरचे सगळे लेख, सगळे रिव्ह्यू एका दिवसात नाहीसे होऊन जागी एक निरोपाचं पान उरलं. पुढच्या वर्षी गनझिला गेम्सने ते विकत घेऊन पुन्हा सुरू केलं आणि जुने लेख परत आणले. ही कंपनी गेम बनवते. म्हणजे विकणाऱ्याच्या घरातून निघून ते बनवणाऱ्याच्या घरी नांदायला गेलं.

तेव्हा सोयरीक करा, खुशाल करा, पण आपल्या लेखांची एक प्रत दुसरीकडे कुठेतरी काढून ठेवा. त्यासाठी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क कोणती घ्यावी, असा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल. आम्ही पाच निवडल्या आहेत, एकही वापरून पाहिलेली नाही. पाचवी थोडी आपला वेळ घेते. बटण खाली आहे, हिरवं.