कम्युनिटी कॉलेजात गेलं की डॉक्टर होणं संपलं?

मार्च-एप्रिलमध्ये कॉलेज प्रवेशाचे निकाल लागले की अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. आशय असा, की मुलाला डॉक्टर करायचं असेल तर कम्युनिटी कॉलेजचं (दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज, जिथून पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेतात) नाव काढू नका. मेडिकल स्कूल असे अर्ज बाजूला टाकतात, तिथले विषय धरत नाहीत, आणि तिथे जाऊन पैसे वाचतात तेही किरकोळ. हे वाचून आईबाप न झेपणारं कर्ज काढतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

अर्ज बाजूला टाकतात, हे धादांत खोटं. 2014 साली ‘अकॅडेमिक मेडिसिन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मेडिकलला प्रवेश मिळालेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त जणांनी कधी ना कधी कम्युनिटी कॉलेजात विषय घेतलेले होते. त्यात शाळेत असतानाच एखादा विषय तिथे केलेली मुलंही धरली आहेत, हे मान्य. बारावीनंतर थेट तिथे गेलेल्यांना, मार्क सारखे असूनही, प्रवेश मिळण्याची शक्यता काहीशी कमी असल्याचंही त्याच अभ्यासात दिसलं. ती अडचण खरी आहे, लपवू नये. पण तिच्यामुळे दार बंद होत नाही.

विषय धरत नाहीत, हे अर्धवट आहे. प्रत्येक मेडिकल स्कूलचा नियम वेगळा, आणि ‘एमएसएआर’ या अधिकृत माहितीकोशात तो शाळावार दिलेला असतो. जनरल केमिस्ट्री, फिजिक्स, कॅल्क्युलस कम्युनिटी कॉलेजात करावं. युनिव्हर्सिटीत गेल्यावर बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, फिजिऑलॉजी घेऊन तिथेही चांगले ग्रेड आणावेत. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे भाग मात्र दोन कॉलेजांत वाटू नयेत. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’च्या साइटवर एका बाजूला युनिव्हर्सिटीचा कोर्स आणि समोर तुमच्या कॉलेजातला त्याचा जोडीदार दिसतो. पुष्कळदा ओळ अशी असते की युनिव्हर्सिटीच्या एका कोर्ससमोर इथले दोन कोर्स एकत्र लावलेले असतात, आणि त्यातला एकच केला तर तो कोर्स पूर्ण झाल्याचं धरत नाहीत. पहिल्याच सत्रात हे पान छापून काउन्सेलरसमोर ठेवा.

याच मेसेजला उत्तर म्हणून कोणीतरी लिहितं, की काळजी नको, ट्रान्सफर झाल्यावर जुने मार्क पुसले जातात. हे जास्त घातक आहे. नवी युनिव्हर्सिटी जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, शून्यापासून मोजते, हे खरं. पण मेडिकलचा अर्ज जातो त्या ‘एएमसीएएस’मध्ये प्रत्येक कॉलेजचा प्रत्येक कोर्स ओळीने भरावा लागतो, ट्रान्स्क्रिप्टशी पडताळला जातो, आणि सायन्स-मॅथ्सचा जीपीए वेगळा निघतो. नापास होऊन पुन्हा केलेल्या विषयाचे दोन्ही ग्रेड त्यात येतात. सतराव्या वर्षी हलक्यात घेतलेला केमिस्ट्रीचा ‘सी’ बावीसाव्या वर्षी समोर येतो.

आणि पैसे? कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटला (कोर्स मोजायचं माप) 46 डॉलर पडतात. दोन वर्षांची 60 युनिटं म्हणजे 2,760 डॉलर. यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) नुसती ट्यूशन वर्षाला चौदा हजारांच्या घरात. मेडिकल स्कूलची चार वर्षं पुढे उभी असताना याला किरकोळ कसं म्हणायचं?

आपल्या घरांना जो अडथळा खरोखर आडवा येतो, त्याचा या मेसेजमध्ये उल्लेखही नाही. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्यांना अमेरिकेतली बहुतेक मेडिकल स्कूलं घेत नाहीत, आणि एच-4 वरचं (एच-1बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मूल 21 वर्षांचं झालं की त्या व्हिसावर राहू शकत नाही. अशा घरात कॉलेज ठरवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्या.