पुरानं रानात आणलेली वाळू काढायला पर्यावरण मंजुरी लागत नाही

'पुरानंतर रानात साचलेली वाळू काढायलाही शेतकऱ्याला पर्यावरण मंजुरी लागते', हे एका लेखात वाचलेलं वाक्य चूक आहे. कोणत्या कामाला पर्यावरण मंजुरी लागते हे ठरवणाऱ्या केंद्राच्या २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत १५ जानेवारी २०१६ ला दुरुस्ती झाली, तिच्या परिशिष्ट ९ मध्ये नेमकी हीच सूट आहे. गावतळ्यातला गाळ मनरेगातून काढायलाही सूट आहे.

पण कागदावरचं बांधावर कुठं पोचतंय! २०१९ च्या महापुरानंतर आमच्या शिरोळच्या रानात उसाच्या सऱ्या वाळूनं बुजल्या होत्या. जेसीबी लावला तर एक साहेब म्हणाले, "आधी पर्यावरणाची परवानगी दाखवा." आठ दिवस मशीन उभं, भाडं मात्र चालू. दुरुस्तीची प्रत दाखवली तेव्हा कुठं गप्प बसले. (वाळू विकायची म्हटली तर गौण खनिजाचे नियम येतात, ते वेगळं.)